‘इन द हीट ऑफ द नाइट’ नीट कसा पाहावा : तीन बैठका आणि एक वही

मध्यरात्र. एका छोट्या रेल्वे स्टेशनवर एक माणूस एकटाच गाडीची वाट पाहत बसला आहे. अंगात सूट, गळ्यात टाय. आईला भेटून तो आपल्या शहराकडे परत निघाला आहे. या गावाशी त्याला काही देणंघेणं नाही. पण त्याच रात्री गावात एका बड्या उद्योजकाचा खून झाला आहे, स्टेशनवरचा हा माणूस काळा आहे आणि त्याच्या पाकिटात पैसे आहेत. पोलिसाला एवढं पुरतं. तो पिस्तूल रोखून त्याला उभा करतो, झडती घेतो आणि चौकीत नेतो.

नॉर्मन ज्युइसन दिग्दर्शित हा चित्रपट १९६७ साली आला. गोष्ट मिसिसिपी राज्यातल्या ‘स्पार्टा’ नावाच्या गावात घडते. स्टेशनवरचा माणूस म्हणजे व्हर्जिल टिब्स, फिलाडेल्फिया पोलिसांतला खुनाच्या तपासातला अव्वल अधिकारी. ती भूमिका सिडनी पॉयटिए यांनी केली. त्याला आत टाकायला निघालेला गावचा पोलीसप्रमुख गिलेस्पी रॉड स्टायगर यांनी रंगवला.

‘खुनी कोण?’ हा एकच प्रश्न घेऊन बसलात तर चित्रपट बरा वाटेल आणि महिनाभरात विसरून जाल. त्यातलं रहस्य फार घट्ट विणलेलं नाही, काही धागे घाईने बांधले आहेत. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्याही लक्षात फक्त ती गाजलेली थप्पड राहिली होती. पुढे कधीतरी एक वेगळाच प्रश्न धरून पाहिला आणि सगळा चित्रपट उलगडला. तो प्रश्न असा : ज्याला या गावातून निघून जायचं आहे, तो प्रत्येक वेळी का थांबतो? पुढची सगळी पद्धत या प्रश्नाभोवती बेतलेली आहे. खुनी कोण ते मी कुठेही सांगणार नाही, पण काही प्रसंगांबद्दल मोकळेपणाने लिहिणार आहे. म्हणून पहिली बैठक उरकून मग पुढचं वाचलंत तरी चालेल.

बसण्याआधी : चार तारखा

या चित्रपटातली भीती आज आपल्याला आपोआप कळत नाही. १९६७ साली थिएटरात बसलेल्या अमेरिकन प्रेक्षकाला ती कुणी समजावून सांगावी लागत नव्हती. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार नोंदी करा.

२१ जून १९६४. मिसिसिपीत काळ्या नागरिकांच्या मतदार नोंदणीसाठी काम करणारे जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तिघे तरुण कार्यकर्ते नेशोबा परगण्यात मारले गेले. ४ ऑगस्टला एका मातीच्या बंधाऱ्याखाली त्यांचे मृतदेह सापडले. या कटात तिथला एक डेप्युटी शेरीफ सामील होता, म्हणजे खुद्द पोलीस. त्या परगण्याच्या मुख्य गावाचं नाव फिलाडेल्फिया.

२ जुलै १९६४. नागरी हक्क कायद्यावर सही झाली. हॉटेलं, खानावळी, थिएटरं अशा ठिकाणी वर्णावरून प्रवेश नाकारणं बेकायदा ठरलं.

६ ऑगस्ट १९६५. मतदान हक्क कायदा झाला.

२ ऑगस्ट १९६७. चित्रपट न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. जेमतेम काही दिवसांपूर्वी नेवार्क आणि डेट्रॉइट ही शहरं वांशिक दंगलींत पेटली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेशोबा प्रकरणात सात जणांना संघराज्याच्या कोर्टात शिक्षा झाली, तीसुद्धा नागरी हक्कांच्या उल्लंघनासाठी. मिसिसिपी राज्याने त्या हत्यांबद्दल कुणालाही दोषी ठरवायला २००५ साल उजाडलं.

आता चौकीतला पहिला उलटतपास बघा. इतके पैसे कुठे कमावलेस, असं गिलेस्पी विचारतो. टिब्स म्हणतो, फिलाडेल्फियात. गिलेस्पी लगेच विचारतो, ‘‘फिलाडेल्फिया, मिसिसिपी?’’ टिब्स सांगतो, ‘‘फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया.’’ संवाद क्षणात संपतो. पण पहिली नोंद वहीत असेल तर त्या गावाच्या नावाने अंगावर काटा येतो. जॉन बॉल यांच्या मूळ कादंबरीत टिब्स कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाचा आहे. पटकथेत तो फिलाडेल्फियाचा झाला आणि एका शब्दाला केवढं वजन आलं.

पहिली बैठक : मधे थांबायचं नाही

चित्रपट सुमारे ११० मिनिटांचा आहे. एका बैठकीत पाहा. फोन दूर ठेवा, वही बंद ठेवा. इंग्रजी सबटायटल्स मात्र चालू ठेवा, कारण दक्षिणेकडचे उच्चार कानाला सरावाचे नसतात आणि स्टायगर च्युइंगगम चघळत अर्धी वाक्यं गिळतो. यंत्राने केलेली भाषांतरित सबटायटल्स टाळा. या चित्रपटातला निम्मा अपमान कोणता शब्द निवडला यात आहे आणि भाषांतरात नेमका तोच सपाट होतो.

संपला की लगेच कुणाशी बोलू नका. वही उघडून आठवणारे पाच क्षण लिहा, क्रमाची पर्वा न करता. दुसऱ्या बैठकीनंतर हीच यादी पुन्हा करायची आहे आणि दोन याद्यांमधला फरक हीच तुमची खरी कमाई.

दुसरी बैठक : तो का थांबतो?

ही बैठक सर्वात महत्त्वाची. शक्यतो दोन दिवसांनी घ्या. हातात रिमोट हवा, वहीच्या पानावर तीन रकाने हवेत : ‘जायची वेळ’, ‘कुणी अडवलं’, ‘कशासाठी थांबला’.

पहिली जायची वेळ चौकीतच येते. टिब्स पोलीस आहे हे बिल्ला पाहून कळतं, गिलेस्पी खात्री करायला फिलाडेल्फियाला फोन लावतो आणि तिथला वरिष्ठ उलट टिब्सलाच मदतीला देऊ करतो. टिब्सला नको आहे. गिलेस्पीला तर मुळीच नको आहे. या जागी थांबून दोघांचे चेहरे बघा. अनिच्छा एकट्या टिब्सची नाही. गिलेस्पीलाही गावाने अजून आपलं मानलेलं नाही आणि खुनाचा तपास आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे त्याला मनातून कळून चुकलं आहे. तेव्हा तिसऱ्या रकान्यात लिहा : ‘हुकूम’.

मग प्रेत तपासलं जातं, एका स्थानिक पोराला पकडलं जातं आणि टिब्स ते पोर निर्दोष असल्याचं दाखवून देतो. पोर डावखुरं आहे, घाव उजव्या हाताने घातलेला आहे. म्हणजे या गावात टिब्सने केलेलं पहिलं ठोस काम एका गोऱ्या मुलाला फासापासून वाचवण्याचं आहे. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही. पुराव्यावरून गिलेस्पीशी खटका उडतो आणि त्याला स्टेशनवर परत पाठवलं जातं.

इथे दुसरं वळण येतं. मेलेल्या उद्योजकाच्या बायकोने टिब्सचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं. हा अधिकारी तपासावर नसेल तर नवऱ्याचा कारखाना या गावात होणार नाही, असं ती ठणकावते. कारखाना म्हणजे गावातल्या शेकडो लोकांना काम. त्यामुळे महापौर गिलेस्पीला दटावतो आणि ज्या गावाला हा माणूस डोळ्यांसमोर नको होता, त्याच गावाला तो आता हवा आहे. हा भाग मला फार खरा वाटतो. इथे कुणाचंही मतपरिवर्तन झालेलं नाही, फक्त हिशेब बदलला आहे. दुसऱ्या रकान्यात ‘गरज’ लिहा.

मग गिलेस्पी स्वतः स्टेशनवर जातो. हा प्रसंग दोनदा पाहा. विनंती करायला त्याची जीभ रेटत नाही, म्हणून तो टिब्सला डिवचतो. तू इतका हुशार आहेस की आम्हा सगळ्यांची नाचक्की करायची ही संधी तू सोडूच शकणार नाहीस, असा त्याचा सूर. टिब्स थांबतो. आता तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? न्याय? कर्तव्य? मी तिथे ‘अभिमान’ लिहिलं आणि ते लिहिताना मला जरा जड गेलं, कारण नायकाबद्दल असं लिहायची आपल्याला सवय नसते. पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट यांचं हेच मोठेपण. टिब्सला त्यांनी संत केलं नाही.

यानंतर खरी उलथापालथ होते. टिब्सच्या जिवावर बेतायची वेळ येते आणि आता गिलेस्पीच त्याला सांगतो, बाबा, निघून जा, हे तुला मारून टाकतील. आता मात्र टिब्स हटत नाही. आणखी एक दिवस द्या, त्या टेकडीवरच्या बड्या माणसाला मी खाली खेचून आणतो, असं तो पेटून बोलतो. गिलेस्पी क्षणभर बघत राहतो आणि ओळखतो, तूसुद्धा आमच्यासारखाच निघालास.

रिमोट इथे दाबा. सगळा चित्रपट या जागेवर तोललेला आहे. टिब्स ज्याच्या मागे लागला आहे तो एंडिकॉट, कापसाच्या मळ्यांचा मालक. वर्णद्वेष त्याच्या रक्तात भिनलेला आहे, टिब्सबद्दल त्याच्या मनात काय आहे ते त्याने लपवलेलं नाही, कारखान्याला त्याचा विरोध आहे. तो दुष्ट आहे यात शंका नाही. पण खून त्यानेच केला, हे टिब्सला पुराव्याने कळलेलं नाही, तसं व्हावं असं त्याला वाटतं आहे. सगळ्यांत हुशार डिटेक्टिव्ह रागाच्या भरात नेमकी तीच चूक करतो जी पहिल्या रात्री स्टेशनवर त्याच्या बाबतीत झाली होती : आधी माणूस ठरवायचा, मग गुन्हा त्याला चिकटवायचा. तिसऱ्या रकान्यात ‘राग’ लिहा आणि हुकूम, अभिमान, राग असा तो रकाना वरून खाली एकदा वाचा.

हाक ऐका

हे काम दुसऱ्या बैठकीतच करता येईल, पण नव्या पानावर. आणि मराठी वाचकाला ते इतरांपेक्षा सोपं जाईल असं मला वाटतं.

इंग्रजीत समोरच्याला ‘यू’ एवढंच म्हणता येतं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. कुणी मोठ्या माणसाला अरे-तुरे केलं की वाक्यात शिवी नसतानाही आपला कान तापतो. इंग्रजीत तेच काम संबोधन करतं. टिब्स तिशी ओलांडलेला, हुद्द्याने मोठा अधिकारी आहे, आणि पहिल्याच भेटीत पोलीस त्याला ‘बॉय’ म्हणतो. सबटायटलवर तो शब्द निरुपद्रवी दिसतो. मनात त्याचं मराठी करा : ‘ए पोरा, ऊठ.’ दक्षिणेत काळ्या माणसाने केस पिकेपर्यंत ‘बॉय’ राहायचं आणि मग एकदम ‘अंकल’ व्हायचं असा शिरस्ता होता. मधला ‘मिस्टर’ त्याच्या वाट्याला यायचाच नाही.

तर पद्धत अशी : टिब्सला जो कुणी हाक मारेल त्याच्यापुढे ती हाक मराठीत कशी होईल ते लिहा. कुठे ‘ए पोरा’, कुठे नुसतं ‘व्हर्जिल’, कुठे ‘अधिकारी’. एक अतिशय घाणेरडा वर्णवाचक शब्दही येतो. तो लिहू नका, फुली मारा.

मग तो प्रसंग येईल ज्यासाठी चित्रपट ओळखला जातो. गिलेस्पी खिजवतो, व्हर्जिल हे भलतंच नाव आहे, तिकडे फिलाडेल्फियात तुला काय म्हणतात? उत्तर येतं : ‘‘मला मिस्टर टिब्स म्हणतात!’’ पॉयटिए तोपर्यंत आवाज दाबून बोलत आलेले असतात, त्यामुळे हे वाक्य स्फोटासारखं वाटतं. पण त्याच्या पुढचं ऐकायला विसरू नका. गिलेस्पी तोच ‘मिस्टर’ शब्द चिडवत परत त्याच्या अंगावर फेकतो. मान मागून मिळत नाही, मागितलेला शब्दसुद्धा टोमणा होऊन परत येतो, हे त्या दोन ओळींत आहे.

पगाराचा संवादही याच पानावर नोंदवा. टिब्स आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट कमावतो हे ऐकून गिलेस्पीला बसलेला धक्का नीट पाहा. त्यानंतर तो उपरोधाने बजावतो की या माणसाला नीट वागवा. द्वेषाच्या पोटात असूया बसली आहे, हे व्याख्यान न देता सांगायचं असेल तर ते असं.

हातांकडे बघा

दुसरी बैठक संपवण्याआधी चार-पाच प्रसंग नुसते हात पाहण्यासाठी पुन्हा लावा. आवाज बंद केलात तरी चालेल.

झडती घेणारे हात. मग गोऱ्या माणसाच्या प्रेतावरून शांतपणे फिरणारे, बोटांची ताठरता तपासणारे टिब्सचे हात आणि ते टक लावून पाहणारे आजूबाजूचे गोरे चेहरे. मग उद्योजकाची विधवा. तिला बातमी सांगायचं काम टिब्सवर येतं, ती कोलमडते, आधी त्याचा स्पर्श झिडकारते आणि थोड्या वेळाने तोच हात धरते. ही भूमिका करणाऱ्या ली ग्रँट यांनी पन्नासच्या दशकात हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीमुळे, अनेक वर्षं चित्रपटांच्या कामाविना काढली होती. त्यांच्या त्या एका प्रसंगात मला ते साठलेलं सगळं दिसतं.

आणि थप्पड. एंडिकॉट आपल्या काचघरात ऑर्किडची निगा राखतो आहे. या फुलांना सांभाळावं लागतं, अगदी काळ्या लोकांसारखं, असं तो मायेने बोलतो. शिवीपेक्षा हे वाक्य जास्त भयंकर आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. आपण संशयित आहोत हे लक्षात येताच तो टिब्सच्या तोंडात मारतो. टिब्स क्षणाचाही विलंब न लावता परत मारतो. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटात काळ्या माणसाने गोऱ्या जमीनदाराला असं उलट मारणं प्रेक्षकांसाठी अभूतपूर्व होतं. ही परत थप्पड सुचली कुणाला यावर दुमत आहे. ती आपल्या आग्रहामुळे आली असं पॉयटिए सांगत, ती पटकथेत होतीच असं सिलिफंट यांचं म्हणणं.

हा प्रसंग तीनदा लावा. पहिल्यांदा टिब्सकडे बघा. दुसऱ्यांदा गिलेस्पीकडे. तुम्ही आता काय करणार, असं एंडिकॉट विचारतो आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो, मला माहीत नाही. तिसऱ्यांदा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काळ्या नोकराकडे बघा. टिब्स गाडीत बसून निघून जाईल, याला मात्र याच घरात राहायचं आहे. ते दोघे गेल्यावर एंडिकॉट एकटाच रडतो, तेही चुकवू नका. पूर्वीचे दिवस असते तर तुला गोळी घालायला लावली असती, असं तो म्हणालेला असतो, आणि ते खरं होतं. नंतर महापौर गिलेस्पीला सांगतो की तुझ्याआधीच्या प्रमुखाने टिब्सला तिथल्या तिथे गोळी घालून स्वसंरक्षण म्हणून दाखवलं असतं. म्हणजे गिलेस्पीचं त्या दिवसाचं शौर्य एवढंच, की त्याने काही केलं नाही.

धमकी : पडद्यावरची आणि पडद्यामागची

पडद्यावर धमकी क्वचितच शब्दांत येते. रस्त्यावर मागे लागलेली गाडी, गोदामात हातात साखळ्या घेऊन शिरलेली पोरं, ही उघड धमकी झाली. पण मला जास्त घाबरवते ती टिब्सच्या झोपायच्या जागेची गोष्ट. नागरी हक्क कायदा होऊन दोन वर्षं झाली आहेत, कागदावर त्याला कुठलंही हॉटेल नाकारता येत नाही, आणि तरी तो गावातल्या एका काळ्या मेकॅनिकच्या घरी उतरतो. कुणी काही बोलत नाही, कुणी पाटी लावत नाही. काळ्या प्रवाशांना कुठे थांबणं सुरक्षित आहे हे सांगणारं ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून जवळजवळ तीस वर्षं निघत होतं. ते का लागायचं, हे या एका तपशिलातून कळतं.

पडद्यामागची धमकी अशी. १९६४ च्या उन्हाळ्यात पॉयटिए आणि त्यांचे मित्र, गायक हॅरी बेलाफोंटे मतदार नोंदणीच्या चळवळीसाठी ७०,००० डॉलर रोख घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला गेले होते. विमानतळावरून जाताना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी ट्रक घेऊन त्यांचा पाठलाग केला. त्यामुळे दक्षिणेत चित्रीकरण करायला पॉयटिए तयार नव्हते. ‘मिसिसिपीतला’ हा चित्रपट बहुतेक सगळा उत्तरेला, इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा गावी झाला. गावाच्या पाट्या बदलाव्या लागू नयेत म्हणून कथेतल्या गावालाही तेच नाव दिलं गेलं.

पण इलिनॉयमध्ये कापूस पिकत नाही. कापसाच्या शेतांसाठी आणि एंडिकॉटच्या वाड्यासाठी थोडे दिवस टेनेसीतल्या डायर्सबर्गला जावं लागलं. पॉयटिए तिथे उशीखाली पिस्तूल ठेवून झोपत, आणि धमक्यांमुळे तिथला मुक्काम आवरता घेतला गेला. आता गाडीतून एंडिकॉटकडे जातानाचा प्रसंग पुन्हा लावा. बाहेर काळे मजूर कापूस वेचत आहेत, गिलेस्पी म्हणतो, तुझ्या नशिबी हे नाही, नाही का व्हर्जिल? टिब्स बोलत नाही, नुसता खिडकीबाहेर बघतो. तिथे पात्र कुठे संपतं आणि नट कुठे सुरू होतो हे मला सांगता येणार नाही.

तिसरी बैठक : डोळा आणि कान

ही लहान ठेवा, अर्ध्या तासाचीही पुरेल.

त्या काळी रंगीत फिल्मचं संतुलन गोऱ्या त्वचेवर बेतलेलं असे. तशाच प्रकाशात काळ्या नटाचा चेहरा एकतर अंधारात बुडे नाहीतर चकाकून सपाट होई. छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर यांनी पॉयटिए यांच्या चेहऱ्यासाठी प्रकाश वेगळा, सौम्य बेतला. चौकीतले जवळचे शॉट्स थांबवून बघा. टिब्स जवळजवळ काही बोलत नाही अशा वेळी त्याच्या जबड्यावर, पापणीवर काय चाललंय ते सगळं दिसतं. हा तांत्रिक बारकावा आहे असं समजू नका. ज्याचा चेहराच नीट दिसत नाही, त्याच्या मनात काय चाललं आहे हे प्रेक्षकाला कुठून कळणार?

कानांसाठी सुरुवातीचं शीर्षकगीत पुरे : क्विन्सी जोन्स यांचं संगीत, रे चार्ल्स यांचा आवाज, आणि पडद्यावर धूसर दिव्यांतून पुढे येणारी आगगाडी. नंतर अनेक ठिकाणी संगीत मुद्दाम गप्प राहतं. थप्पडेच्या वेळी काय ऐकू येतं, ते तुम्हीच तपासा. संकलक हॅल अॅशबी पुढे स्वतः नावाजलेले दिग्दर्शक झाले, या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळालं.

चित्रपटाला काय दिसत नाही

आवडत्या कलाकृतीशी भांडल्याशिवाय ती आपली होत नाही, म्हणून एक पान यासाठी ठेवा.

गावातल्या काळ्या लोकांची नावं लिहायला घ्या. यादी फार लवकर संपते. त्यांच्या घरात, त्यांच्या आपसातल्या बोलण्यात कॅमेरा क्वचित शिरतो. चोरून गर्भपात करणारी मामा कलीबा हे त्यातलं सगळ्यात जिवंत पात्र, बिया रिचर्ड्स यांनी एकाच प्रसंगात उभं केलेलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटात त्या पॉयटिए यांच्या आई झाल्या आणि त्यासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. टिब्सचं स्वतःचं आयुष्यही धूसर आहे. गिलेस्पीचं घर, त्याची दारू, त्याचा एकटेपणा आपल्याला दाखवला जातो. टिब्सच्या आईला आपण पाहतही नाही.

बक्षिसांतही ही रेघ उमटली. चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं होतं. अभिनेत्याचं स्टायगर यांना. पॉयटिए यांना नामांकनही नव्हतं. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ ला हत्या झाल्याने समारंभ दोन दिवस पुढे ढकलून १० एप्रिलला झाला. त्या रात्री स्टायगर यांनी पॉयटिए यांचे जाहीर आभार मानले. स्टायगर यांचं काम अप्रतिम आहे यात मला शंका नाही. पण बदलणारा गोरा माणूस बक्षिसाला पात्र ठरला आणि ज्याच्यामुळे तो बदलला तो माणूस यादीत नव्हता, हे वहीत लिहून ठेवा.

चारचौघांत दाखवायचा असेल तर

आधी स्पष्ट सांगा की यात वर्णवाचक शिव्या आहेत, खिडकीतल्या नग्न स्त्रीचं ओझरतं दृश्य आहे आणि गर्भपाताचा विषय आहे. पंधरा-सोळा वर्षांखालच्या मुलांना दाखवण्याआधी स्वतः पाहा.

प्रस्तावना पाच मिनिटांपेक्षा लांबवू नका, वरच्या चार तारखा पुरेत. थप्पडेबद्दल आधी एक शब्दही नको. चित्रपट संपल्यावर ‘कसा वाटला?’ हा प्रश्न टाळा, त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी एकच विचारा : टिब्स शेवटपर्यंत का थांबला? आठ-दहा जणांत किमान चार वेगळी उत्तरं येतात आणि चर्चा आपोआप चालू होते. कुणी म्हणालं की गिलेस्पी शेवटी सुधारला, तर त्या व्यक्तीला तो नेमका कोणत्या प्रसंगात सुधारला ते दाखवायला सांगा. गिलेस्पीच्या घरातला रात्रीचा प्रसंग बहुतेक जण पुढे करतात. मग तोच प्रसंग शेवटपर्यंत लावा. दोघे एकमेकांना एकटेपणाबद्दल सांगतात, टिब्सच्या आवाजात किंचित कणव येते आणि गिलेस्पी फणकारतो. काळ्या माणसाकडून कीव नको. जवळीक किती पुढे जाऊ शकते याची हद्द तिथे आखली गेली आहे.

सगळ्यात शेवटी पुन्हा स्टेशन. जिथे झडती झाली तिथेच गिलेस्पी टिब्सची सूटकेस स्वतः हातात घेऊन चालत येतो. निरोप घेतो, आणि गाडीत चढणाऱ्या टिब्सला मागून हाक मारून स्वतःची काळजी घ्यायला सांगतो. काळे अमेरिकन लेखक जेम्स बॉल्डविन यांनी १९७६ साली या प्रसंगावर कडक टीका केली होती. गोऱ्या प्रेक्षकाला सुखरूप घरी पाठवणारा हा समेट त्यांना खोटा वाटला. मला तो पूर्ण खोटा वाटत नाही, पण त्यांचं म्हणणं मनात ठेवूनच मी आता तो पाहतो. लोकांना हाकांचं पान उघडायला सांगा आणि शेवटची नोंद करायला लावा. गिलेस्पी त्याला ‘व्हर्जिल’ म्हणतो. ज्या नावाची त्याने चौकीत टर उडवली होती, तेच नाव. या वेळी ते मराठीत कसं लिहायचं, यावर प्रत्येकाला आपापल्या वहीत दोन मिनिटं द्या आणि मग एकेकाचं वाचून घ्या.